आईचा ठिपका डोंगरावर, आई कांद्याच्या चाळीत: मोबाईलचं लोकेशन खरं किती धरायचं?

पांझराकाठ | रविवार, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांब आहे पण पूर्ण वाचा, कारण मला खरंच उत्तर पाहिजे आणि इथं टॉवरवर काम करणारे, वकील, शेतकरी सगळे आहेत.

चैत्रात आपल्याकडून वणीच्या सप्तशृंगी गडावर पायी जातात हे सगळ्यांना माहितीय. माझी आई, वय ६३, धुळे तालुक्यातल्या आमच्या गावच्या दिंडीबरोबर नववं वर्ष चालली. यावेळी मी तिला माझा जुना स्मार्टफोन दिला, लोकेशन शेअर करून ठेवलं, आणि घरी बसून दिवसातून पन्नास वेळा बघत होतो. मालेगाव गेलं, देवळा गेलं, ठिपका रस्त्यानं बरोबर सरकत होता, इतका की वहिनीला मी सांगायचो आता माय रसवंतीवर थांबली असेल बघ, आणि फोन लावला तर खरंच रसवंतीवर.

पाचव्या दिवशी देवळ्याच्या पुढं कळवणकडं जाताना दुपारी तिच्या पायाला फोड आला, ती बसली, दिंडी पुढं गेली, बायांना वाटलं मागच्या टेम्पोत असेल, टेम्पोवाल्याला वाटलं पुढं असेल. चार वाजून दहा मिनिटांनी ठिपका रस्ता सोडून एकदम डोंगरावर गेला. दोन किलोमीटर आत, नकाशावर तिथं ना वाट ना वस्ती. आणि तिथंच थांबला. फोन लावला तर उचलत नव्हती, नंतर लागणंच बंद झालं. माझा मावसभाऊ तिकडंच कळवणला असतो, तो आणि अजून दोन पोरं मोटारसायकल घेऊन निघाले, मी इकडून त्यांना सांगतोय अजून डावीकडं जा, अजून वर जा. दीड तास त्यांनी तो डोंगर पालथा घातला. उन्हाचा तो कहर, माझ्या डोक्यात काय काय येत होतं ते लिहीत नाही.

आई कुठं होती? रस्त्याला लागून एका शेतकऱ्याच्या कांद्याच्या चाळीत. तिथल्या माउलीनं तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, पायाला हळद लावली, आई तिथं झोपून गेली. फोन पिशवीत होता, बॅटरी संपत आलेली. आम्हाला कळलं कसं, तर तिच्या कापडी पिशवीवर मी मार्करनं माझा नंबर लिहिला होता, तो बघून त्या बाईनं स्वतःच्या फोनवरून मला फोन केला. साडेसहाला.

आई सुखरूप आहे. पण तेव्हापासून मला झोपताना तो ठिपका दिसतो. इतका ठाम दिसत होता तो. मग तो डोंगरावर गेला कसा? फोन चुकला, टॉवर चुकला की मी चुकलो? आणि हे पुढं सुधारणार आहे का, का हे असंच राहणार?

टॉवरवाला_भुसावळ | रविवार, सकाळी १०:०५

जिभाऊ, पहिलं म्हणजे माउली सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. मी चौदा वर्षं टॉवरचंच काम करतोय, जळगाव ते नंदुरबार सगळा पट्टा फिरलोय, माझ्या परीनं सांगतो.

तुमचा फोन तीन वेगवेगळ्या मार्गांनी जागा काढतो आणि पडद्यावर मात्र एकच ठिपका दाखवतो, सगळा घोळ तिथून सुरू होतो. पहिला मार्ग जीपीएस. लोकांना वाटतं सॅटेलाइट आपल्याला बघतंय, तसं नाहीये. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ सांगत असतात, आत्ता इतके वाजले आणि मी इथं आहे, एवढंच. फोन ते ऐकतो आणि सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. तीन उपग्रहांवर भागलं असतं पण फोनचं घड्याळ तेवढं पक्कं नसतं म्हणून चौथा लागतो. एका मायक्रोसेकंदाची चूक झाली की ३०० मीटरचा फरक, इतकं हे नाजूक काम. मोकळ्या आभाळाखाली साधा स्मार्टफोन पाचेक मीटरच्या आत सांगतो. आईचा ठिपका रसवंतीवर बरोबर दिसत होता तो याच्यामुळं.

आता ती चाळीत गेली. वर पत्रे होते ना? पत्र्यातून जीपीएसचा सिग्नल येत नाही, तो मुळातच फार क्षीण असतो. मग फोननं दुसरा मार्ग धरला, वायफाय. धुळ्यात असता तर आजूबाजूच्या वीस राउटरची नावं ऐकून जागा बऱ्यापैकी जमली असती, कारण कुठला राउटर कुठं आहे याची मोठी यादी कंपन्यांकडं असते, रस्त्यानं जाणाऱ्या फोननीच ती बनवलेली. पण रानात राउटर कुठला. मग राहिला तिसरा, टॉवर.

टॉवरवर साधारण तीन दिशांना अँटेना असतात, एकेकीचा पंखा १२० अंशांचा. गावाकडं एक अँटेना चार-पाच किलोमीटर सहज जाते, मधे उंचवटा नसला तर त्याहून लांब. फोनला एवढंच कळतं की मी या पंख्यात कुठंतरी आहे. मग तो नकाशावर त्या पंख्याचा अंदाजे मध्य काढून तिथं ठिपका ठेवतो. तो मध्य विहिरीत पडो, धरणात पडो, डोंगरावर पडो, त्याला काय माहिती. आई डोंगरावर गेली असं फोन म्हणतच नव्हता. या एवढ्या रानात कुठंतरी आहे, असं म्हणत होता.

आणि हे तो सांगतही असतो बरं का. ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ येतं ना, ते बघायचं. तुमच्या पडद्यावर त्या वेळी ते भलंमोठं झालेलं असणार, किंवा लोकेशन किती मिनिटांपूर्वीचं आहे ते बारीक अक्षरात आलेलं असणार. अजून एक, अँड्रॉइडमध्ये त्या वर्तुळाचा अर्थ ६८ टक्के असा धरलाय. म्हणजे वर्तुळ वीस मीटरचं असलं तरी तीनातल्या एका वेळी माणूस वर्तुळाच्या बाहेर असू शकतो.

पांझराकाठ | रविवार, सकाळी १०:२२

वर्तुळ. हो. आता आठवतंय, पूर्ण डोंगर निळसर दिसत होता आणि मला वाटलं नकाशाचाच रंग आहे. मी झूम करून करून ठिपक्याजवळ जात होतो, त्यामुळं वर्तुळाची कड पडद्याबाहेर गेली.

केळीबाग_रावेर | रविवार, दुपारी १२:४७

पांझराकाठ भाऊ, आईला नमस्कार सांगा. मी तुमचा धागा वाचून थांबलोच नाही, कारण हाच ठिपका आमच्याकडं भावकीत भांडण लावून गेलाय.

माझ्या चुलत भावानं मोबाईलवर जमीन मोजायचं ॲप घेतलं, बांधाबांधानं फोन हातात धरून चक्कर मारली आणि संध्याकाळी येऊन म्हणतो माझ्या एकरात पाच गुंठे कमी भरतात, तुम्ही बांध कोरला. चार महिने बोलणं बंद होतं आमचं. मग मीच कागद घेऊन बसलो. एक एकर चौकोनी धरला तर एक बाजू साधारण ६४ मीटर येते. प्रत्येक बाजूला फक्त दोन-दोन मीटर आत धरले गेले तर चौकोन साठ बाय साठच्याही आत येतो, म्हणजे जवळपास पाच गुंठे गायब. दोन मीटर! फोनची चूक तर त्याहून जास्त असते हे वर लिहिलंयच. आणि केळीच्या बागेत तर विचारूच नका, पानं ओली असली की सिग्नल अजून मार खातो, बागेच्या बाजूनं चालताना रेघ वेडीवाकडी जाते आणि नांगरटीच्या बाजूनं सरळ.

शेवटी सरकारी मोजणी केली. तो साहेब काठीवर लावलेलं यंत्र घेऊन आला, रोव्हर म्हणतात, आणि मी त्याला विचारलं की याच्यातपण जीपीएसच आहे ना मग तुमचं बरोबर आणि आमचं चूक कसं. त्यानं नीट समजावलं. ठिकठिकाणी पक्क्या जागी बसवलेली केंद्रं असतात, कॉर्स म्हणतात त्यांना, त्यांची स्वतःची जागा सेंटिमीटरपर्यंत माहिती असते. उपग्रह या क्षणी किती चुकतोय ते केंद्राला कळतं आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून रोव्हरला मिळते, म्हणून त्याची चूक सेंटिमीटरात. उपग्रह तेच, आभाळ तेच, फक्त चूक सांगणारं कोणीतरी बाजूला उभं आहे. मला ही गोष्ट फार आवडली.

बांध होता तिथंच निघाला. भाऊ परत बोलायला लागला.

आता माझा मुद्दा. ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून सुरू झाली, कल्पना चांगली आहे, शेतकऱ्यानं स्वतः उभं राहून फोटो काढायचा. पण फोन म्हणतो तुम्ही गटाच्या बाहेर आहात, आणि मी बापजाद्यांच्या विहिरीवर उभा असतो. ढगाळ हवा, जुना फोन, बाजूला केळी. मी दहा मिनिटं मोकळ्यात उभा राहतो मग घेतो. माहिती आहे म्हणून जमतं. ज्याला माहिती नाही तो परत घरी जातो आणि त्याचं पीक सातबाऱ्यावर लागतच नाही.

टॉवरवाला_भुसावळ | रविवार, दुपारी १:१५

केळीबाग भाऊ, एकदम बरोबर हिशोब. थोडं जोडतो. चूक सगळीकडं एकाच दिशेला असती तर शेत नकाशावर नुसतं सरकलं असतं, क्षेत्र तेच भरलं असतं. पण चक्कर मारायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात वरचे उपग्रह सरकतात, चूक बदलत जाते, म्हणून शेताचा आकारच बिघडतो. आणि दहा मिनिटं उभं राहायची तुमची युक्ती योग्य आहे. आभाळातले उपग्रह कुठं आहेत ही माहिती फोन नेटवरून पटकन घेतो, पण नेट नसलं तर ती त्याला उपग्रहाकडूनच ऐकावी लागते आणि तिथं वेग सेकंदाला फक्त ५० बिट. एका उपग्रहाची कामापुरती माहिती यायला अर्धं मिनिट, सगळ्या उपग्रहांची पूर्ण यादी यायला साडेबारा मिनिटं लागतात.

पाड्यावरची_मास्तरीण | रविवार, सायंकाळी ५:३०

धडगाव तालुक्यात शिकवते. आमच्याकडं रेंजसाठी पोरं टेकडीवर चढतात, त्यामुळं लोकांची पक्की समजूत की रेंज नाही म्हणजे लोकेशन नाही. ती चुकीची आहे हे वरच्या पोस्टवरून कळेलच, जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशा उघडायला लागते. मी पूर्ण तालुक्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवलाय, विमान मोडवरसुद्धा ठिपका चालतो. फक्त दरीत उतरलं की आभाळाची पट्टीच दिसते आणि चूक वाढते, तोरणमाळच्या घाटात माझा ठिपका एकदा समोरच्या कड्यावर होता.

पण मला वेगळं सांगायचंय. रोजगार हमीच्या कामावर मोबाईलवर हजेरी सुरू झाली, दिवसातून दोनदा लोकेशनसकट फोटो, २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून सगळ्या कामांना सक्तीची झाली. पाड्यावरच्या बायांनी सकाळपासून दगड उचलले आणि फोटो चढला नाही म्हणून हजेरी लागली नाही, असं मी डोळ्यांनी बघितलंय. घाम गाळणारी बाई समोर उभी आहे आणि विश्वास फोनवर. मला याचा फार त्रास होतो. खोटी हजेरी थांबायलाच पाहिजे, ते मान्य आहे, पण फोन चुकला तर बाईनं दाद कोणाकडं मागायची याची व्यवस्था आधी करा ना.

वनहक्काच्या दाव्यांतही तेच. २००६ च्या कायद्यानं कसणाऱ्याला हक्क दिला, मोजणी हातातल्या जीपीएसवर झाली. उतारावरचा पट्टा लांबोडका आणि अरुंद असतो, काही ठिकाणी रुंदी वीस-पंचवीस मीटर. तिथं दोन्ही कडांना पाच-पाच मीटर चुकले तर त्या माणसाच्या पोटापाण्यातला मोठा तुकडा गेला. रावेरच्या दादांना कागदावर हिशोब मांडता आला, आमच्या पावरा बाबांना कोण मांडून देणार?

चांगलंही सांगते. टपाल खात्यानं २०२५ च्या मे महिन्यात डिजिपिन आणलं, देशभर साधारण चार बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा पत्ता. आमच्या पाड्यांना पत्ता म्हणजे मोठ्या आंब्यापासून डावीकडं, एवढाच असायचा. मुलांना घेऊन मी प्रत्येक पाड्यावर मोकळ्यात उभं राहून डिजिपिन काढलं आणि शाळेच्या भिंतीवर रंगानं लिहिलं. परवा रात्री बाळंतिणीसाठी १०८ ला फोन केला तेव्हा जीपच्या रस्त्यापर्यंतची जागा ड्रायव्हरला डिजिपिनवरूनच सांगितली. तो सरळ आला.

नागपूर_सुरत_लाईन | रविवार, रात्री ९:१०

राम राम मंडळी. धुळ्याचा आहे, ट्रक चालवतो. ताई, भिंतीवर लिहिलं ते भारी काम केलं तुम्ही.

आमच्या गाडीत मालकानं डबा बसवलाय, गाडी कुठं थांबली, किती थांबली, सगळं त्याच्या मोबाईलवर. एकदा पारोळ्याच्या पुढं मी सर्व्हिस रोडवर टायर बघायला उतरलो, डब्यानं दाखवलं धाब्यावर चाळीस मिनिटं. धाबा आणि सर्व्हिस रोडमधी अंतर कितीक शे भाऊ? वीस मीटर. पगारातून कापले. उड्डाणपुलावर आहे का पुलाखाली हेपण त्याले समजत नही. माले राग पैशाचा नाही आला, मी खोटं बोललो असं ठरलं त्याचा आला.

आता म्हणतात टोलपण सॅटेलाइटवर घेणार. लाईनवर सगळे धास्तावलेत. कोणाला खरं माहिती असेल तर सांगा.

कोर्टकचेरी_जळगाव | रविवार, रात्री १०:३५

भाऊ, टोलचं सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये नियम बदलले, त्यात उपग्रहावर आधारित वसुलीची तरतूद आली आणि अशा यंत्राच्या गाड्यांना रोज प्रत्येक दिशेला पहिले २० किलोमीटर मोफत असं आलं. पण १ मे २०२५ पासून देशभर लागू, हा जो मेसेज फिरला तो खरा नव्हता, मंत्रालयानंच एप्रिलमध्ये तसा निर्णय झालेला नाही असं जाहीर केलं.

वकिली करते म्हणून मूळ धाग्यावर लिहिते. पांझराकाठ दादांनी दीड तास डोंगर शोधला. कोर्टात मी बघते की त्याच ठिपक्यावर माणूस वर्षभर आत असतो. पोलीस सीडीआर, म्हणजे कंपनीकडच्या कॉलच्या नोंदी, आणतात, त्यात कॉलच्या वेळी कुठला टॉवर, कुठला सेक्टर म्हणजे कुठला पंखा एवढंच असतं, आणि युक्तिवादात ते होतं की आरोपी घटनास्थळी हजर होता. टॉवरवाला दादा म्हणतात पंखा चार-पाच किलोमीटरचा, मग त्या पंख्यात चार गावं येतात! मी उलटतपासणीत दर वेळी हेच विचारते, की या सेक्टरची व्याप्ती किती, त्या भागात अजून किती फोन होते. पुष्कळदा साक्षीदाराकडं उत्तर नसतं. सीडीआर निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. माणूस चोपड्यात होता की नाशकात, हे त्यातून नक्की ठरतं, आणि निर्दोष माणूस त्यानं सुटलेलाही मी बघितलाय. या गल्लीत होता का त्या गल्लीत, हे नाही ठरत.

माहिती असू द्या. कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, आधी एक वर्ष होतं, डिसेंबर २०२१ मध्ये वाढवलं. म्हणजे निर्दोष असाल तर दोन वर्षांच्या आत नोंदी जपून ठेवायचा अर्ज करा, नंतर त्या मिळतीलच असं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. आणि ८ जुलै २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल प्रत्येकानं वाचावा असा आहे. एका आरोपीला जामीन देताना अट घातली होती की गुगल मॅपवर पिन टाकून ठेव म्हणजे तपास अधिकाऱ्याला कळेल तू कुठं आहेस. कोर्टानं ती अट काढली, म्हणाले की सतत पाळत ठेवता येईल अशी अट राज्यघटनेच्या कलम २१ च्या खासगीपणाच्या हक्कावर घाला घालते. आरोपीला जर हा हक्क आहे तर आपल्या ट्रकवाल्या भावाला, मास्तरीणबाईंच्या पाड्यावरच्या बाईला तो नाही का?

शहाद्याची_पुण्यात | सोमवार, सकाळी ७:५०

मी वाचतच असते इथं, लिहीत नाही, पण वकीलताईंचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

मी नोकरीला पुण्यात आले तेव्हा भावानं लोकेशन कायमचं शेअर करून घेतलं. काळजीनं घेतलं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण एके रात्री साडेदहाला फोन, तू आत्ता नाशिकला काय करतेयस? मी खोलीवर होते, अभ्यास करत होते. त्याला पटेना, ठिपका नाशिकला दिसतोय म्हणजे दिसतोय. घरी आई रडायला लागली. नंतर उलगडा झाला, माझी रूममेट नाशिकहून तिच्या घरचा जुना राउटर घेऊन आली होती. यादीत तो राउटर अजून नाशिकचा होता, फोननं तेच धरलं. टॉवरवाला दादांनी यादीचं लिहिलं तेव्हा मला ती रात्र परत आठवली.

तेव्हापासून मी रात्रीच्या बसनं निघाले की तेवढ्या प्रवासापुरतं शेअर करते, पोचले की बंद. भावालाही पटलंय आता. एक अजून, मैत्रिणींसाठी. पिशवीत टाकायचे छोटे ट्रॅकर मिळतात, ते आसपासच्या अनोळखी फोनना ब्लूटूथनं हाक मारून जागा कळवतात. सामानाला चांगले आहेत, पण कोणी आपल्या पर्समध्ये गुपचूप टाकला तर? मे २०२४ पासून ॲपल आणि गुगलनं मिळून सोय केलीय, असा अनोळखी ट्रॅकर बरोबर फिरत असेल तर फोन स्वतः इशारा देतो. तो इशारा आला तर दुर्लक्ष करू नका.

केळीबाग_रावेर | सोमवार, सकाळी ९:०२

ताई तुमचं पटतं, पण म्हाताऱ्या माणसाचं काय? माझे वडील ८१ वर्षांचे, विसरतात, दोनदा निंभोऱ्याच्या स्टेशनवर सापडले. त्यांचं लोकेशन मी बंद ठेवू शकत नाही. त्यांना विचारलंही नाही मी, खरं सांगतो, विचारून त्यांना समजणारच नाही.

शहाद्याची_पुण्यात | सोमवार, सकाळी ९:२०

काका, तुमच्या जागी मीही चालूच ठेवलं असतं. विचारता येतं तिथं विचारावं, एवढंच म्हणते.

टॉवरवाला_भुसावळ | सोमवार, रात्री ८:४५

जिभाऊंचा दुसरा प्रश्न राहिला, पुढं काय. ड्यूटीवरून आलो, आता निवांत लिहितो.

सुधारणा खरंच होतेय. २००० साली मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत अमेरिका मुद्दाम जीपीएसमध्ये चूक घालत होती, सामान्य माणसाला शंभरेक मीटर फरक यायचा. ती एका रात्रीत काढली. २०१८ पासून दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारे फोन आले, एल-१ आणि एल-५. त्याचा फायदा असा की भिंतीवर, कड्यावर आपटून येणारा सिग्नल आणि सरळ येणारा सिग्नल वेगळा ओळखता येतो. मास्तरीणबाईंचा ठिपका समोरच्या कड्यावर गेला तो याच आपटण्यानं. फोन घेताना लोक कॅमेरा विचारतात, दुकानदाराला एल-५ आहे का तेपण विचारा.

आपलं स्वतःचं नाविक आहे, सात उपग्रहांची रचना, भारत आणि सीमेपासून १५०० किलोमीटरपर्यंत. हे उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर आणि आपल्या डोक्यावरच्या भागातच राहतात, त्यामुळं दरीतून दिसणाऱ्या आभाळाच्या पट्टीत सापडायची शक्यता जास्त. अडचणीही आल्या, जुन्या उपग्रहांतली काही आण्विक घड्याळं बंद पडली. २०२३ च्या मे महिन्यात एनव्हीएस-०१ हा नवा उपग्रह सोडला, त्यात आपल्या देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे आणि साध्या फोनला सोपा जाणारा एल-१ सिग्नलपण आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ सोडला पण तो ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. मला याचं मनापासून वाईट वाटलं, कारण सातपुड्यातल्या माणसाला याचा उपयोग सगळ्यात जास्त आहे.

टॉवरकडूनही होतंय. २ जी मध्ये टॉवरला फोनचं अंतर कळायचं ते साधारण साडेपाचशे मीटरच्या टप्प्यानं, ४ जी मध्ये तो टप्पा ७८ मीटरवर आला, आणि ५ जी च्या २०२० च्या मानकापासून मुद्दाम जागा काढण्यासाठीचे वेगळे सिग्नल घातलेत, इमारतीत तीन मीटरपर्यंत जायचं उद्दिष्ट आहे. त्याला दाट टॉवर लागतात पण. पुण्यात होईल, धडगावात लवकर होईल असं मी खोटं सांगणार नाही. घरातल्या घरात वायफायला किती वेळ लागतो ते मोजून एक-दोन मीटर, यूडब्ल्यूबी, म्हणजे जवळचं अंतर बारकाईनं मोजणारी रेडिओ चिप असली तर दहा सेंटिमीटरच्या आसपास, हे आजही होतं. आणि केळीबाग भाऊंना रोव्हरचं आवडलं ना, तशीच दुरुस्ती उपग्रहावरूनच फुकट द्यायला युरोपच्या गॅलिलिओनं जानेवारी २०२३ मध्ये सुरुवात केली, वीस सेंटिमीटरची सेवा. फोनमध्ये यायला वेळ आहे, पण दिशा ती आहे.

उलटी बाजूपण आहे. सिग्नल क्षीण असतो म्हणून तो दाबता येतो आणि खोटाही पाठवता येतो, दिल्ली विमानतळाकडं उतरणाऱ्या विमानांना नोव्हेंबर २०२५ मध्ये असा खोटा सिग्नल आल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. त्यामुळं अचूक झालं म्हणजे खरं झालं असं समजू नका.

आणि माझं स्वतःचं मत. चार मीटरचं चाळीस सेंटिमीटर होईल, होऊ द्या. पण ट्रकवाल्या भावाच्या मालकाला, हजेरीच्या ॲपला, कोर्टाच्या कागदाला वर्तुळ दिसलं पाहिजे. फोनकडं तो आकडा असतोच, प्रत्येक लोकेशनबरोबर असतो. तो वाटेत कोणीतरी काढून टाकतं आणि पुढं फक्त ठिपका जातो. हे करायला नवीन उपग्रह लागत नाही.

नागपूर_सुरत_लाईन | सोमवार, रात्री ११:३०

टॉवरवाला भाऊ, तुमची ही पोस्ट मालकाला पाठवली. बघू.

पांझराकाठ | बुधवार, सायंकाळी ७:१५

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक पोस्ट दोन-दोनदा वाचली, आईलाही वाचून दाखवली.

आज मी करून बघितलं. तोच फोन घेतला, खळ्यात मोकळ्यावर पाच मिनिटं उभा राहिलो, वर्तुळ इतकं लहान झालं की ठिपक्याखाली दिसेना. मग पत्र्याच्या शेडमध्ये गेलो, फोन कापडी पिशवीत टाकला, वर चादर ठेवली, आणि दुसऱ्या फोनवर बघत बसलो. आधी काहीच झालं नाही. मग ठिपका एकदम उडाला तो पांझरेच्या पलीकडं, आणि वर्तुळ इतकं पसरलं की त्यात आमचं गाव, शेजारचं गाव, दोन्ही आले. वर बारीक अक्षरात, ११ मिनिटांपूर्वी. पिशवी तिथंच होती, माझ्यापासून पाच फुटांवर.

मग मी आईला बोलावून दाखवलं. म्हटलं माय, हे बघ, तू इथं बसलीस आणि फोन तुला नदीपलीकडं म्हणतोय. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मंग मी सावलीत बसू नको का? मी म्हटलं बस, सावलीतच बस, फक्त बसायच्या आधी मोकळ्यात उभी राहून मला एक फोन कर. हे तिला पटलं. दिंडीच्या प्रमुखाशी पण बोललो, पुढच्या चैत्रात मुक्कामाला आणि दुपारच्या थांब्याला माणसं मोजायची, मागच्या टेम्पोत कोण आहे ते नाव घेऊन विचारायचं. मावसभावाला सांगून ठेवलंय की परत कधी असं झालं तर ठिपक्याकडं पळायचं नाही, ठिपका शेवटचा रस्त्यावर होता तिथून चालू करायचं आणि रस्त्यालगतच्या वस्त्या, चाळी, मळे आधी विचारायचे.

ती कापडी पिशवीपण काढली. आईनं दोनदा धुतलीय ती, नंबरचे शेवटचे तीन आकडे गेले होते. मार्कर आणून परत गडद केले, आणि खाली मावसभावाचा नंबर घातला.

पाड्यावरची_मास्तरीण | बुधवार, रात्री ८:००

दादा, मार्कर धुण्यात जातो. सुईदोऱ्यानं शिवून घ्या, आमच्या मुली शाळेच्या दप्तरांवर नाव तसंच घालतात.

पांझराकाठ | बुधवार, रात्री ८:०४

हो ताई, वहिनी आत्ता तेच म्हणाली. लाल दोरा काढलाय तिनं.